दयेचा रविवार आणि उधारीची वही

नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या आपल्या चर्चमधल्या त्या सगळ्या भावाबहिणींना, ज्यांचं दुसऱ्या कुणाकडे येणं बाकी आहे. आणि आपले फादर, पाळक, पंच यांनाही,

प्रभू येशूच्या नावाने नमस्कार.

मी शहादा तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान चालवते. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत होते. लग्न होऊन इकडे आले त्याला एकतीस वर्षं झाली. नवरा गेल्यावर दुकान माझ्यावर आलं आणि दुकानाबरोबर लाल कापडी बांधणीची उधारीची वहीही आली. हे पत्र त्या वहीबद्दल आहे. अशी वही तुमच्यातल्या पुष्कळांकडे आहे. कुणाची किराण्याची, कुणाची बी-बियाण्याची आणि खताची. कुणी ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम आहे, कुणी बचत गटाचा हिशेब ठेवणारी ताई, कुणी शाळेत मास्तर असून महिन्याला शेकडा पाचने पैसे फिरवणारा. आपण एकमेकांचं हे सगळं जाणून आहोत आणि रविवारी एकाच बाकावर बसतो.

इस्टरनंतरचा रविवार आम्ही कॅथलिक लोक दैवी दयेचा रविवार म्हणून पाळतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३० एप्रिल २००० रोजी पोलंडच्या सिस्टर फाउस्टिना यांना संत म्हणून घोषित केलं आणि त्याच दिवशी हा रविवार साऱ्या चर्चला लावून दिला. ज्यांच्या मंडळ्यांत हा सण नाही त्यांनीही पत्र इथेच खाली ठेवू नये, कारण मी सणाचं बोलत नाही, आपण सगळे रोज जी दया मागतो तिचं बोलते आहे.

खानदेशात हा रविवार नेमका हिशेबाच्या दिवसांत येतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली असते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतगड्याचं, साल आखाजीला संपतं, नवं साल आखाजीलाच ठरतं, जुनी बाकी त्याच दिवशी निघते. दिवाळीनंतर गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेली माणसं एप्रिलमध्ये गाडीतून उतरतात. कोयता, भांडी, पोरं, कोंबड्या, सगळं घेऊन. कापसाचे पैसे तोवर कधीच संपलेले असतात. २०२५ साली दयेचा रविवार २७ एप्रिलला होता आणि आखाजी ३० एप्रिलला. कधी हे अंतर महिनाभराचं होतं, पण हंगाम तोच. आपण चर्चमध्ये गुडघ्यावर बसून दया मागायची आणि बाहेर आल्यावर वह्या उघडायच्या, हे आपल्याकडे दर वर्षी एकाच पंधरवड्या-महिन्यात घडतं.

माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर दयेच्या येशूची तसबीर आहे. छातीतून दोन किरण निघालेले, एक लाल, एक फिकट, आणि खाली ओळ: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. दुपारी तीनला, म्हणजे ख्रिस्ताने क्रुसावर प्राण सोडला त्या वेळेला, मी त्या तसबिरीसमोर दयेची जपमाळ म्हणते. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं, उन्हाचं कुणी फिरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशीच माळ अर्धी झाली असताना पाड्यावरची एक बाई दारात येऊन उभी राहिली. मी तिला हाताने थांब म्हणून खूण केली आणि माळ पुरी केली. पाच-सात मिनिटं ती उन्हात उभी होती. तिचा नवरा त्या हंगामात तोडीच्या पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, तापाने गेला होता, हे मला ठाऊक होतं. माळ गल्ल्यात ठेवून मी वही काढली. तिच्या नवऱ्याच्या नावावर चार हजार तीनशे पन्नास रुपये होते. ती काही बोलली नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि चांदीचं एक कडं काउंटरवर ठेवलं. मी ते उचलून काट्यावर ठेवलं. ज्या काट्यावर डाळ आणि मिरची तोलते, त्याच. आकडा आला ११२. मी कडं कागदात गुंडाळलं, त्यावर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं आणि गल्ल्यात माळेच्या शेजारी ठेवून दिलं.

कडं तीन आठवडे तिथे होतं. कडं देण्याहून कितीतरी जास्त किमतीचं आहे हे मला काट्याने त्याच दिवशी सांगितलं होतं. ती गेल्यावर तिच्या उघड्या मनगटावर कड्याचा पांढरा वण होता, तेवढा मात्र डोळ्यांसमोरून जाईना.

आता जे लिहिते ते माझं शहाणपण नाही, शास्त्रात आहे ते आहे. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा २४वा अध्याय काढून वाचा. जातं किंवा जात्याची तळी गहाण घेऊ नको, कारण ते माणसाचा जीव गहाण घेण्यासारखं आहे. गरिबाने पांघरूण गहाण ठेवलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत कर, म्हणजे तो ते पांघरून निजेल. आणि मला सगळ्यात लागलेलं वाक्य: गहाण घ्यायला त्याच्या घरात शिरू नको, बाहेर उभा राहा, तो आपण होऊन आणून देईल ते घे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनासुद्धा कळत होतं की देणेकऱ्याच्या उंबरठ्याचाही मान असतो. माझ्याकडे ती बाई आपण होऊन आली, मी घरात शिरले नाही, एवढंच काय ते माझ्या बाजूने म्हणता येईल. आपल्या भागात जात्याच्या जागी आज दुसऱ्याच वस्तू गहाण पडतात. एटीएम कार्ड ठेवून घेतात. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड ठेवून घेतात. आपल्यातले घेतात, दुसऱ्यांवर मी बोट दाखवत नाही.

आता प्रभूच्या प्रार्थनेकडे या. मत्तयाच्या ६व्या अध्यायात आपल्या मराठी शास्त्रात शब्द आहे ऋण. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. लहानपणापासून मी ते म्हणत आले आणि मनात अर्थ लावत आले पापाचा, अपराधाचा, कुणी टोचून बोललं असेल तर त्याचा. लूकच्या ११व्या अध्यायात पहिल्या अर्ध्या भागात पाप शब्द आहे खरा, पण दुसऱ्या भागात तिथेही ऋणीच आहे. मूळ ग्रीकमध्येही देणं असलेला माणूसच आहे, असं एका फादरांनी मला नीट समजावून सांगितलं. म्हणजे देवाकडे आपण जे मागतो ते पाप असेल, पण आपल्याकडून जे सोडायचं आहे त्यात पैसाही आहे. सोडले आहे, असं आपण म्हणतो. सोडू, असं म्हणत नाही. ज्याने वहीतलं एकही नाव कधी खोडलं नाही, तो रोज हे वाक्य देवासमोर म्हणतो तेव्हा काय म्हणत असतो?

मत्तयाच्या १८व्या अध्यायातला चाकर सगळ्यांना माहीत आहे. राजाने त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं आणि तो बाहेर पडून शंभर दिनारांसाठी सोबतीच्या चाकराचं नरडं धरतो. मी एकदा दुकानात बसून हा हिशेब मांडला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत सहा हजार दिनारांचा. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. ते कुणाच्या बापाच्याने फिटायचं नाही, म्हणून प्रभूने तो आकडा घेतला. पण माझं लक्ष दुसऱ्या आकड्यावर थांबलं. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एका घराला वर्षाला जेवढ्या दिवसांची हमी लिहिली होती तेवढे. तोडीला जाणारा माणूस मुकादमाकडून आगाऊ घेतो ती उचलही अशीच काहीतरी असते. म्हणजे प्रभूने असं म्हटलेलंच नाही की सोबत्याचं देणं किरकोळ होतं. शंभर दिवसांची मजुरी बुडणं म्हणजे काय ते दुकानदाराला कळतं, मुकादमाला कळतं. प्रभूला ते माहीत होतं, आणि तरीही त्याने सोड म्हटलं.

माझे दहा हजार तालांत कुठे होते तेही सांगते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये माझ्याकडे होलसेल व्यापाऱ्याचे पावणेदोन लाख थकले होते. नवरा त्याच वर्षी अंथरुणावर होता. तो व्यापारी जैन आहे, आपल्या चर्चची पायरीही त्याने कधी पाहिलेली नाही. चार महिने त्याने फोन केला नाही. पाचव्या महिन्यात केला तो एवढंच विचारायला, दवाखान्यातून घरी आले का म्हणून. माल पाठवणंही त्याने थांबवलं नाही. हे मी उपकार म्हणून खूप जणांना सांगितलं होतं. आणि तरीही त्या दुपारी कडं काट्यावर ठेवलं ते याच हातांनी.

तीन आठवड्यांनी मी कडं घेऊन पाड्यावर गेले. मोहाचा हंगाम होता. अंगणात फुलं वाळत घातली होती आणि ती हाताने पसरवत होती. मी कडं पुढे केलं, म्हटलं, हे ठेव, आणि देण्याचंही राहू दे. तिने हात मागे घेतला. म्हणाली, "फुकट नको. वही आण."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी चांगलं करायला आले आणि ही हिशेब मागते. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. तिची मुलगी आश्रमशाळेत सहावीला होती, सुट्टीवर आलेली. तिने वही मांडीवर घेतली आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागली. तारीख, माल, पैसे. आई डोळे मिटून ऐकत होती. तेल, मीठ, चहापत्ती, साबण, बिडी बंडल. मग एका ओळीला तिने मुलीला थांबवलं. परत वाच म्हणाली. तेलाचे दोन पाऊच, तूरडाळ दोन किलो, तीनशे वीस रुपये, तारीख डिसेंबरची. "डिसेंबरात आम्ही गुजरातेत होतो," ती म्हणाली.

खरंच होतं. दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो आणि एप्रिलपर्यंत रिकामाच असतो. ते सामान त्याच आडनावाच्या दुसऱ्या कुणीतरी नेलं होतं आणि मी किंवा दुकानातल्या पोराने चुकीच्या पानावर लिहिलं होतं. म्हणजे मी जे सोडायला आले होते त्यातलं काही तर माझं नव्हतंच. मी वही बघत राहिले. काय बोलावं सुचेना. ती म्हणाली, "होतं असं. राहू दे." आणि फुलं पसरायला लागली.

त्या अंगणात आधी माफी कुणी कुणाला दिली, ते तुम्हीच बघा. मी जी दया मागत होते तसबिरीसमोर, ती मला तिथे मिळाली, आणि देणारीने ती अशी दिली की मला खाली बघावं लागू नये.

मग तिने स्वतःच हिशेब केला. नवऱ्याने निघण्याआधी नेलेलं सोड म्हणाली, मेलेल्याचं सोड. "मी परत आल्यावर जे नेलं, पीठ-मीठ, ते माझं, ते मी देईन." तिचं निघालं सहाशे दहा. बाकीच्या ओळींवर तिने माझ्याकडून तिच्या डोळ्यांदेखत रेघ मारून घेतली, मुलीकडून नाव वाचवून घेतलं की खरंच त्यांच्याच नावावर मारली ना, आणि मग कडं घेतलं. सहाशे दहा तिने पावसाळ्यात तीन वेळा करून आणून दिले.

एका फादरांनी प्रवचनात सांगितलं होतं की हिब्रू भाषेत दयेसाठी जो शब्द आहे, रहामीम, तो आईच्या उदरासाठी असलेल्या शब्दापासून आला आहे. आपल्याकडे त्याला माया म्हणतात. माया करणारी आई पोराला वरून खाली बघत नाही, कडेवर घेते, बरोबरीच्या उंचीवर आणते. मी कडं परत द्यायला गेले ती वरून गेले होते. त्या बाईने मला मांडी घालून शेजारी बसवलं आणि वही उघडायला लावली. म्हणून मी आज तुम्हाला आधी कर्ज सोडा असं म्हणत नाही. आधी वही उघडा असं म्हणते. ज्याला वाचता येत नाही त्याला त्याच्या नावावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवा. मुकादम भावांनो, हे मी खास तुम्हाला म्हणते. पडावावर पंधरा दिवसांनी दिलेली ज्वारीची खावटी, दवाखान्याला दिलेले दोनशे, गाडीभाडं, हे सगळं कापून हंगामाच्या शेवटी 'अजून बाकी आहे' एवढंच वाक्य त्या माणसाच्या कानावर येतं. कुठून आली ती बाकी, हे त्याला कुणी दाखवत नाही. त्याच बाकीपोटी तो पुढच्या वर्षी परत जातो आणि तो मेला तर त्याचा पोरगा जातो. त्या बाईच्या पंधरा वर्षांच्या मुलालाही असाच निरोप आला होता, आणि निरोप देणारा आपल्यातलाच होता. त्याचं नाव मी लिहिणार नाही, तो हे वाचेल.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ पासून आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय सावकारी करायची नाही, हा २०१४ चा कायदा आहे. त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या धर्मशास्त्रात दामदुप्पट आहे, व्याज मुदलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. आपण तर दयेच्या नावाने ओळखले जाणारे लोक. कायद्याच्या आणि दामदुप्पटीच्याही मागे आपण कसे राहिलो?

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल, कारण मीही तेच म्हणत होते. सोडायला लागलो तर दुकान बंद पडेल. लोकांना सवय लागेल. ज्याच्याकडे आहे तोही हात वर करेल. हे होतं. माझ्याकडे एक जण येऊन "ताई, यंदा नही जमनं" म्हणून गेला आणि पुढच्याच आठवड्यात नवी मोटरसायकल घेऊन दुकानासमोरून गेला. त्याचं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही, त्याला मी दर महिन्याला आठवण करते. दया म्हणजे डोळे झाकणं नव्हे. डोळे उघडे ठेवून बघितलं तरच कळतं की कोण देऊ शकत नाही आणि कोण देत नाही. हा फरक आपल्या गावात आपल्याइतका कुणाला कळतो? बँकेच्या साहेबाला नाही कळत. आपल्याला कुणाच्या घरात काय शिजतं ते तेलाच्या पाऊचवरून कळतं.

सिस्टर फाउस्टिनांचं जे मला फार जवळचं वाटतं तेही सांगते. गरीब घरची मुलगी, शाळा जेमतेम तीन वर्षंही नाही, दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण राहिलेली. मठात तिला कामं होती स्वयंपाकाची, बागेची आणि फाटकावरची. तिने सहा वह्या लिहिल्या. त्यात एके ठिकाणी आहे की एक तरुण भिकारी पावसा-थंडीत फाटकाशी आला, अंगावर धड कपडे नाहीत, काहीतरी गरम खायला मागत होता. ती आत जाऊन सूप गरम करून आली, त्यात पाव कुस्करून दिला. त्याने भांडं परत केलं तेव्हा तिला कळलं तो प्रभू होता. १९३८ मध्ये तेहतीस वर्षांची असताना ती गेली. त्याच वह्यांत तिने दया करायच्या तीन वाटा लिहिल्या आहेत: कृतीने, शब्दाने, प्रार्थनेने. आपल्याकडे मात्र गाडी तिसऱ्या वाटेवरच फिरते, पहिल्या वाटेवर क्वचितच येते. मी माळ पुरी होईपर्यंत एका विधवेला उन्हात उभी ठेवली, त्या दिवशी माझ्या फाटकाशी कोण उभं होतं?

पोप फ्रान्सिस यांनी २०२५ च्या जुबिली वर्षासाठी श्रीमंत देशांना सांगितलं होतं की गरीब देशांची कर्जं सोडा. जुबिलीची कल्पनाच मुळात तिथून आली. लेवीय २५ मध्ये पन्नासाव्या वर्षी ज्याची त्याची जमीन परत, जो तो आपल्या घरी परत. अनुवाद १५ मध्ये दर सातव्या वर्षी कर्जमाफी. आपल्या चर्चमध्येही त्या वर्षी जुबिलीच्या प्रार्थना झाल्या, यात्रा निघाल्या, बॅनर लागले. श्रीमंत देशांनी काय केलं ते त्यांनी बघावं. आपल्या पाड्यावर कुणाची जमीन गहाणातून सुटली?

फादर आणि पाळक मंडळींना माझी एक विनंती आहे. येत्या दयेच्या रविवारी मिस्सा किंवा उपासना झाली की चर्चच्या आवारात झाडाखाली दोन-चार टेबलं मांडून द्या. ज्यांच्याकडे वह्या आहेत त्यांनी वह्या आणाव्यात. ज्यांची नावं त्यांत आहेत त्यांनी यावं, ख्रिस्ती असोत-नसोत. आपल्या मुलामुलींपैकी जी आठवी-दहावीपर्यंत शिकली आहेत ती बसतील आणि एकेक पान मोठ्याने वाचून दाखवतील, पण त्या माणसापुरतंच, चारचौघांत नाही. चुकीची ओळ निघाली तर तिथेच खोडायची. मेलेल्या माणसाचं देणं त्याच्या बायकोच्या किंवा पोराच्या नावावर चढवलेलं असेल तर तेही खोडायचं. कुणाचं रेशनकार्ड, एटीएम, जॉबकार्ड, चांदी घरात असेल तर ती त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत त्याच्या हातात जायला हवी. बाकीचं काय सोडायचं आणि काय हप्त्याने घ्यायचं ते दोघांनी बसून ठरवावं. प्रवचनात कुणाचं नाव घेऊ नये, टाळ्या वाजवू नयेत, फोटो काढू नयेत. घेणाऱ्याची मान खाली गेली तर ते आपण केलेलं सगळं वाया.

माझी वही मी आणणार आहे. पान अठ्ठावीस ते एकतीस मी अजून कुणालाच दाखवलेली नाहीत. त्यांत दोन माणसं वारलेली आहेत आणि एक सुरतेहून परत आलेलाच नाही. त्याची आई पाड्यावर असते, तिला ऐकू कमी येतं, तेव्हा वाचणाऱ्या मुलीने जरा तिच्या कानाजवळ बसावं.

आपली बहीण,
एक किराणा दुकानदार,
शहादा तालुका